भोपळ्याला सुरी लावायला

अक्का, तू खोटारडी होतीस. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, तुझ्या सुनेनं मला ते सांगितलं आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. साठी उलटलेल्या माणसाला गेलेल्या बहिणीशी भांडणं शोभत नाही, असं लोक म्हणतील. म्हणू देत. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि भांडण अर्ध्यावर टाकून उठून जाणं ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

तू गेलीस त्याला महिना होत आला. तुझ्या थोरल्यानं, संतोषनं, पेपरात तुझा फोटो दिला. तू कुणाची कोण होतीस, किती नातवंडं, सगळं त्यात व्यवस्थित आलंय. फोटोत तू डोक्यावर पदर घेऊन अशी काही गंभीर बसलीयेस, की मी आधी ओळखलंच नाही. मला जे बोलायचंय ते पेपरात बसणारं नाही. मला भोपळ्याबद्दल बोलायचंय.

एकोणीस वर्षांपूर्वी सुमन गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. बारामतीत माझं पाण्याच्या मोटारी रिवायंडिंगचं दुकान, त्याच्यामागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत मी एकटा. सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा आणि खारी, दुपारी मिळेल ते. लोक जेवायला बोलवायचे आणि मी त्यांच्या अंगावर जायचो. मी काय भिकेला लागलोय का, मला काय रांधता येत नाही का, असं तोंडावर बोलायचो. तूही दोनदा निरोप पाठवलास, दोन दिवस राहायला ये म्हणून. दोन्ही वेळा मी आलो नाही. तिसऱ्यांदा तू संतोषला गाडी देऊन पाठवलंस, तर मी त्याला चहासुद्धा न पाजता परत पाठवला. पोरगं विशीतलं, बिचारं मान खाली घालून निघून गेलं. तुझ्या घरात दाजींची आणि माझी एवढी उठबस होती, पण दाजी माझ्या सुमनच्याही आधी गेले होते. तुझ्याकडे येऊन दोन दुःखं समोरासमोर बसवायची मला भीती वाटत होती. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही.

मग त्याच वर्षी आश्विनात तुझा फोन आला. आवाज असा, की जणू काही घडलेलंच नाही.

"दत्तू, भोपळा काढलाय रानातनं. उद्या रविवार हाय. सुरी लावायला ये."

"सुरी लावायला मी कशाला? संतोष हाय की घरात."

"त्यो थोरला हाय. थोरल्यानं लावायची न्हाय आमच्यात. मामानं लावायची."

"मग आजवर कोण लावत हुतं?"

"तवाचं तवा. तू येनार हाईस का भोपळा तसाच सडू दिऊ?"

बाईमाणसानं अखंड भोपळ्याला आधी सुरी लावायची नाही, ती पुरुषाच्या हातानं लागायची, मग बायकांनी चिरायचा, हे आपल्याकडे घरोघर चालतं. आपली आईसुद्धा शेजारच्या आप्पांना हाक मारायची. त्यामुळे मामाचं हे पुढचं शेपूट तुझ्या सासरचं असेल, असं मी धरून चाललो. अक्का, मी मोटारीच्या नुसत्या आवाजावरून सांगतो की बेअरिंग गेलंय का कॉइल जळालीय. तालुक्यातले लोक त्यासाठी माझ्याकडे येतात. आणि एवढा मोठा फॉल्ट मला एकोणीस वर्षं ऐकू आला नाही.

मी कुरकुर करत आलो. तुझं वरकुटं म्हणजे बारामतीपासून चाळीस किलोमीटर, त्यात लासुर्ण्याच्या पुढं रस्त्याला उसाच्या बैलगाड्या. पोचलो तर ओट्यावर पाट मांडलेला, त्यावर भोपळा, आणि भोपळ्याला हळदकुंकू. मी सुरी टेकवली, बोटभर खाच पाडली. दोन सेकंदांचं काम. म्हणालो, झालं, निघतो. तू म्हणालीस, "सुरी लावनाऱ्यानं पयला घारगा खाल्ल्याबिगर उठायचं न्हाय." ही दुसरी रीत. मी बसलो. तू भोपळा किसलास, गुळात शिजवलास, त्यात कणीक आणि थोडा रवा मळलास, जायफळ किसलंस, केळीच्या पानावर एकेक घारगा थापलास, वरून खसखस दाबलीस. तासभर गेला. तेल तापलं. पहिला घारगा फुगला तेव्हा मला कळलं, की चार महिन्यांत मी कुणाच्या हातचं गरम काही खाल्लेलं नाही. सात खाल्ले. तू मोजले नाहीस आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. झाऱ्यावर घारगे निथळवत मागं न वळता एवढंच म्हणालीस, "तूप घे, कोरडं खाऊ नगं."

तेव्हापासून आश्विनातले रविवार ठरून गेले. तुझ्या बांधावरच्या वेलाला भोपळे यायचे दहा-बारा, आणि तू एका रविवारी एकच कापायचीस. मी म्हणायचो, सगळे एकदम आणून ठेव, मी ओळीनं खाचा पाडून जातो. तू म्हणायचीस, भोपळा काय पळून चाललाय? शनिवारी संध्याकाळी तुझा फोन यायचा. ये असं तू कधी म्हणाली नाहीस. "उद्या भोपळा हाय," एवढंच. मी पण येतो असं कधी म्हणालो नाही. "बघू, कामं हायत," म्हणायचो आणि रविवारी सहाला गाडीला किक मारायचो.

काय बोलायचो आपण त्या न्याहारीला? काहीच नाही. तू माझ्या शर्टाच्या कॉलरला नावं ठेवायचीस. मी तुझ्या विहिरीवरची मोटार बघून यायचो आणि स्टार्टरला कुणी हात लावला म्हणून संतोषवर ओरडायचो. घारग्याबरोबर तूप का दही यावर दरवर्षी एकदा वाजायचंच. मी दह्याचा, तू तुपाची. मी दही मागितलं की तू म्हणायचीस, संपलं. जाताना मात्र डब्याबरोबर दह्याचं भांडं दिसायचं. निघताना एखादा बिघडलेला मिक्सर किंवा टेबलफॅन माझ्या गाडीला बांधायचीस. बहुतेक वेळा नुसती वायर सुटलेली असायची. आता मला त्या वायरींचाही संशय येतोय.

सुमनचं नाव तू एकदाच काढलंस. चार-पाच वर्षं झाली असतील. घारगे थापता थापता म्हणालीस, "सुमी जायफळ जास्ती घालायची." मी म्हणालो, "व्हय." तू किसणी घेतलीस आणि पिठात आणखी जायफळ किसलंस. त्या वर्षापासून तुझ्या घारग्यांना तिच्या हातची चव आली. मी तुला त्याबद्दल काही बोललो नाही. आता बोलतो. फार बरं केलंस, अक्का.

आता गेल्या वर्षीचं.

श्रावणी, तुझी नात, पुण्याच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आली होती आणि येताना वॉफलचं मशीन घेऊन आली होती. बारामतीत आता चौकाचौकात वॉफलच्या पाट्या लागल्यात, त्यामुळे मी त्यातला जाणकार असल्यासारखा तुला समजावून सांगू लागलो, की हे विलायती घारगे, फक्त तेलाऐवजी साच्यात भाजायचे. तू म्हणालीस, "मग तव्यावरची दामटीच की." पोरीनं ठरवलं होतं, आज आज्जीच्या भोपळ्याचे वॉफल. पाटावर भोपळा होता, हळदकुंकू होतं, मी हात धुऊन आलो होतो. तेवढ्यात तिनं सुरी उचलली.

"थांब," तू म्हणालीस. "मामा लावंल आधी."

"का पण? मी कापलं तर काय होतंय, आज्जी?"

"बाईनं कापायचा न्हाय."

"पण का?"

तू भोपळ्यावरचं कुंकू नीट करू लागलीस. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला पुढारपण सुचलं. मी म्हणालो, "काय हुत न्हाय. येडेपणा हाय नुसता. काप गं तू." तू म्हणालीस, "दत्तू, रीत हाय ती." आणि मी म्हणालो, "कसली रीत? ह्या असल्या रीतीपायी चाळीस किलोमीटर पेट्रोल जाळीत येतो मी. दोन सेकंदाच्या कामाला."

श्रावणीनं भोपळा कापला. सरळ, एका दमात, दोन फाकी. छान कापला तिनं.

मी बरोबर बोललो होतो, अक्का. आजही तेच म्हणेन. पोरीच्या हातात सुरी दिली त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्या पेट्रोलच्या वाक्याचा आहे. ते वाक्य तुझ्या चेहऱ्यावर कुठं लागलं ते मी पाहिलं आणि तरी परत घेतलं नाही.

पुढचं सगळं हसण्यावारी गेलं, म्हणून मला वाटलं की मिटलं. मशीनचा लाल दिवा काही केल्या हिरवा होईना. वरकुट्याची सकाळची लाईट डिम. मी मीटरच्या बोर्डावर फेज बदलून दिला तेव्हा कुठं मशीन तापलं. पोरगी अंडं म्हणाली, तर तू म्हणालीस, "माझ्या चुलीवर अंडं न्हाय."

"चुलीवर कुठंय आज्जी, मशीनमधी हाय."

"मशीन कुनाच्या घरात हाय?"

मग तिनं अंड्याऐवजी दही आणि सोडा घातला. तिचं पीठ इडलीच्या पिठासारखं सैल. तुला ते पटेना. तिची पाठ वळलेली बघून तू तुझ्या घारग्याच्या घट्ट पिठाचा मोठा गोळा मशीनमध्ये ठेवलास आणि झाकणावर दोन्ही हातांनी जोर दिलास. झाकण मिटेना. पीठ बाहेर येऊन ओट्यावर सांडलं, आत उरलं ते वरून करपलं, मध्ये कच्चं. तू म्हणालीस, "मशीनला दम न्हाय." श्रावणी हसता हसता खाली बसली. तुझी सून मनीषा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. पोरीचे वॉफल झाले तेव्हा तू एक हातात धरून उन्हाकडे करून पाहिलंस. "चाळणीवानी हाय ह्ये." मग त्याच्या चौकोनांत एकेक करून तूप भरलंस, खाल्लंस आणि म्हणालीस, "तूप मातर बरं धरतंय." मी दही मागितलं आणि तू पहिल्यांदा लगेच दिलंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

निघताना तू डबा दिलास. गाडीला काही बांधलं नाहीस. आणि म्हणालीस, "आता फुडच्या टायमाला पोरगीच कापंल. तुला कशाला हेलपाटा."

मी ते टोमणा म्हणून घेतलं. रीत मोडली म्हणून बाई रुसली, असं माझ्या डोक्यानं घेतलं. म्हणालो, "बरं झालं," आणि गाडी काढली. पुढच्या रविवारी फोन नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळीत भाऊबीजेला आलो, पाटावर बसलो, ओवाळून घेतलं, चहा घेतला आणि उठलो. तू लाडू दिलेस, मी साडी दिली. पाहुण्यासारखे वागलो आपण दोघं.

यंदा आश्विन लागला आणि मी शनिवारी संध्याकाळी फोन समोर ठेवून बसू लागलो. दुकानातला माणूस विचारायचा, कुणाची वाट बघताय? मी त्याच्यावर खेकसायचो. तू फोन करणार नाहीस हे कळत होतं. आपण करावा, हेही कळत होतं. पण काय म्हणून करू? माझा मीच तर म्हणालो होतो, पेट्रोल जाळीत येतो म्हणून. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी राहवलं नाही. सकाळी गाडी काढली. लासुर्ण्यापर्यंत आलो. तिथं थांबलो, चहा घेतला. विचार केला, दारात उभा राहिलो आणि तू विचारलंस का आलास, तर काय सांगू? दुसरा चहा घेतला. उत्तर सापडलं नाही. गाडी फिरवली आणि बारामतीला येऊन दुकान उघडलं. रविवारी दुकान उघडं बघून एक जण मोटार घेऊन आलासुद्धा.

कोजागिरी झाली आणि चार दिवसांनी संतोषचा फोन आला. त्या फोनबद्दल मी बोलणार नाही. त्या दिवशी मी वरकुट्याला किती वेळात पोचलो ते मला आठवत नाही, वाटेत लासुर्णे लागलं तेही आठवत नाही.

तुझा दहावा ऐन दिवाळीत आला. तेरावा झाल्यावर पोरांनी मला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी पहाटेपासून दारातल्या ओट्यावर बसून होतो. आत जाववेना, बाहेर निघवेना. मनीषा चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. मी तिला म्हणालो, जे चौदा दिवस मला खात होतं ते.

"मनीषा, तुमच्या घरची रीत मी मोडली. मामानं सुरी लावायची ती. अक्का त्याच्यावरच रुसून गेली. घरावर ह्ये असं आलं, तर माझ्या मनात तेच येतंय सारखं."

तिला आधी कळेचना. मग म्हणाली, "मामा, कसली रीत? आमच्यात तसलं काय न्हाय."

"न्हाय कसं?"

"सुरी हेच लावत्यात की. आठवडाभर हेच कापत्यात भोपळं. तुमी यायच्या आदल्या दिवशी पन कापलेला असायचा, आमी तो झाकून ठिवायचो. भावकीतल्या बायका हसायच्या आत्यांना. मी लगीन करून आले त्या वर्षीच आत्यांनी मला बजावलं हुतं, मामा आलं की तू ह्यातलं बोलायचं न्हाय. म्हनल्या, नुसतं ये म्हनलं तर यायचा न्हाय त्यो. काम हाय म्हनलं की येतो."

मी चहा ओट्यावर ठेवला. विचारलं, "मग औंदा का न्हाय फोन केला?"

मनीषा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तीन शनिवार फोन हातात घिऊन बसल्या हुत्या. मी म्हनलं, लावा की, आत्या. तर म्हनल्या, आता काय सांगून बोलवू गं त्याला?"

अक्का, मी तिथंच रडलो. सुनेसमोर, ओट्यावर, दिवस उगवताना. सुमनच्या वेळी रडलो नव्हतो एवढा. एका टोकाला तू फोन धरून बसलीस, दुसऱ्या टोकाला मी बसलो, आणि मधली वायर मी माझ्या हातानं तोडलेली. काय आडमुठी भावंडं आपण! आईच्या पोटातूनच हे घेऊन आलो असणार. आई तरी कुठं कुणाला सरळ ये म्हणायची.

श्रावणीला मी त्याच दिवशी जवळ बसवलं. तिच्याही मनात होतंच ते, तिनं भोपळा कापला म्हणून आज्जी मनाला लावून घेऊन गेली असं. मी तिला सगळं सांगितलं, तुझ्या खोटेपणासकट. ती रडली आणि मग रडता रडता हसली. म्हणाली, "आज्जी असली चालू हुती?" मी म्हणालो, लई. आणि म्हणालो, तू कापलास ते बरोबरच कापलास, पुढंही तूच काप. अक्का, तुझी परवानगी घेतली नाही मी ह्याला. ह्या मुद्द्यावर मी माघार घेणार नाही, तू तिकडून कितीही डोळे वटार.

आता माझा राग सांगतो, मग तू सुटलीस. एकोणीस वर्षांत एकदा तरी मला सांगायचं होतंस. एकदा तरी म्हणायचं होतंस, दत्तू, भोपळा बिपळा काही नाही, तू उपाशी राहतोस ते मला सहन होत नाही. मी चिडलो असतो, चार महिने आलो नसतो, पण मग आलो असतो. का नसतो आलो? खरं सांगू, नसतो आलो. तुला माझ्यापेक्षा मी जास्त माहीत होतो. म्हणून तू माझ्या हट्टाला हात न लावता त्याच्या शेजारून वाट काढलीस, भावकीत हसू करून घेतलंस, आणि मला आश्विनामागून आश्विन जेवू घातलंस. मी जगलो त्यावर. तुला वाटत असेल, मला ठाऊक नव्हतं. रीत खोटी होती हे ठाऊक नव्हतं, पण मी जगतोय कशावर, ते ठाऊक होतं.

काल रविवार होता. फोन आला नव्हता, काम नव्हतं, सण नव्हता. सकाळी सहाला गाडी काढली. लासुर्ण्याला थांबलो नाही. पोचलो तर संतोष दारातच दूध काढून उभा. मला बघून दचकला.

"मामा? काय काम काढलंत?"

मी म्हणालो, "काय न्हाय रं. असाच आलोय."

एवढं एक वाक्य होतं, अक्का. जे मला तुला म्हणायचं होतं, ते पहिल्यांदा तुझ्या पोराला म्हणालो.